तालमीच्या फलकावरची माणसं

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. आत लाल माती असते, पहाटे पोरं जोर-बैठका मारतात, हे खरंच. पण त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, तिचाच गणपती बसतो, महापालिकेच्या निवडणुकीत पेठेतून कोण उभं राहणार याची पहिली चर्चा तिच्याच कट्ट्यावर होते, आणि पेठेत कुणी गेलं तर खांदा द्यायला आधी तालमीची पोरं धावतात. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावं आज फुटबॉलमुळे माहीत आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की पेठा ओस पडतात. पण बाहेरगावचा माणूस 'फुटबॉल क्लबाच्या नावात तालीम कशी?' असं विचारतो तेव्हा त्याला अख्खं शहर समजावून सांगावं लागतं.

या तालमींच्या दारात किंवा कोपऱ्यावर एक काळा फलक असतो. उद्याचा सामना, परवाचा मोर्चा, पाणी कधी येणार नाही, कोण वारलं, हे सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं. आणि एखाद्या सकाळी मोठ्या अक्षरात 'अभिनंदन', खाली एक नाव. पेपर घरात यायच्या आधी पेठ हा फलक वाचून मोकळी झालेली असायची.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापासून तालीम हाकेच्या अंतरावर होती, पण मी मुलगी, आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. भाऊ आत जायचा, मी बाहेर उभी राहून फलक वाचायचे. शहरातली मोठी माणसं मला अशी भेटली, आधी खडूच्या अक्षरांत आणि मग आबांच्या तोंडून. आबा, म्हणजे माझे आजोबा, कुठल्याही नावाचा इतिहास सांगताना तीन गोष्टी हमखास सांगत: हा कुठल्या तालमीतला, याच्यासाठी कुणी पैसे उभे केले, आणि पेपरानं याला कधी उचलून धरलं. खेळ, राजकारण आणि वर्तमानपत्र हे तीन वेगळे विषय आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर, पुस्तकांतून कळलं. आमच्या शहरात ते कधी वेगळे नव्हते, आणि आमच्या शहराची सगळी ताकद त्यातच होती असं मला आजही वाटतं.

याचं मूळ अर्थातच शाहू महाराजांपाशी जातं. २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये मागासलेल्या जातींसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश छापून आला तेव्हा महाराज विलायतेच्या दौऱ्यावर होते. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि परत आल्यावर खासबाग मैदान बांधून घेतलं. एकाच प्रवासाच्या पदरात आरक्षणही आहे आणि कुस्तीचं मैदानही. खासबागेत कुठेही बसलात तरी मधला आखाडा नीट दिसतो. आबा म्हणायचे, "मातीवर उतरल्यावर जात दिसत नाही, फक्त पाठ दिसते, लागली का न लागली." त्यांच्या या बोलण्यात थोडा भाबडेपणा होता, जात आखाड्यातून पूर्ण गेली असं कुणीच म्हणणार नाही. पण पैलवान कुठल्या घरचा याच्या आधी तो कुठल्या तालमीचा हे विचारणारं शहर त्या काळात घडलं, हे मोठंच.

त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना, म्हणून स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला. महाराज गेल्यानंतर त्यांचं पहिलं स्मारक कुण्या सरदारानं किंवा दरबारानं नाही, याच गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन उभं केलं. लोकांनी उभं केलेलं स्मारक, ही प्रथा कोल्हापुरात तिथून आहे.

मला स्वतःला या शहराच्या इतिहासातलं सगळ्यात भरलेलं साल १९३९ वाटतं. त्या साली १ जानेवारीला ग. गो. जाधव यांनी 'पुढारी' दैनिक सुरू केलं. पुढच्याच महिन्यात जयसिंगपूरला प्रजा परिषद स्थापन झाली, माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकारानं. वर्षभरात, १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली, जिला आजही सगळे केएसए म्हणतात. संस्थानी राजवट अजून कायम होती आणि भारत स्वतंत्र व्हायला आठ वर्षं होती. अशा वेळी एका मध्यम आकाराच्या शहरानं वर्षा-दीड वर्षात आपलं दैनिक, आपली राजकीय चळवळ आणि आपली क्रीडासंघटना उभी केली. हे योगायोगानं घडलं असं मला वाटत नाही. शाहू महाराजांच्या काळात निघालेल्या बोर्डिंगांतून, म्हणजे वसतिगृहांतून, शिकून बाहेर पडलेली पहिली-दुसरी पिढी तेव्हा तिशी-चाळिशीत आली होती. तिला आता बोलायचं होतं, मागायचं होतं आणि खेळायचंही होतं.

भाई माधवराव बागल हे तर या सगळ्या धाग्यांची गाठच. वडील खंडेराव बागल वकील, सत्यशोधक, 'हंटर' या पत्राचे संपादक. मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला चित्रकार. रंगात हात बुडालेला हा माणूस संस्थानाविरुद्ध सभा घेत हिंडला, तुरुंगात गेला, लिहीत राहिला. आणि ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात त्यांच्या पुढाकारानं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्यांच्या हयातीत उभा राहिलेला हा त्यांचा पहिला पुतळा मानला जातो. आज देशात बाबासाहेबांचा पुतळा नाही असं गाव शोधावं लागेल, पण पहिल्यांदा कुणाला तरी सुचलं, आणि ते सुचणारा माणूस चित्रकार होता, संपादकाचा मुलगा होता आणि चळवळीतला होता. बिंदू चौकातून जाताना मी अजून त्या पुतळ्यांकडे मान वर करून बघते.

आता खाशाबा. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, कऱ्हाड तालुक्यातले. पण ते शिकले आमच्या राजाराम कॉलेजात, त्यामुळे कोल्हापूर त्यांच्यावर हक्क सांगतं आणि कऱ्हाडकर त्यावर वाद घालतात. वाद खुशाल चालावा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना पाठवण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मॅटवर पहिल्यांदाच उतरलेला हा मातीतला गडी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीची वेळ आली तेव्हा पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावोगाव वर्गणी झाली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं.

ही गोष्ट मी कितीदा ऐकली, तरी दर वेळी इथे थांबते. स्वतःच्या पोराच्या शिक्षणासाठी, लेकीच्या लग्नासाठी घर गहाण ठेवणारे खूप पाहिले. एका विद्यार्थ्यानं परदेशात जाऊन कुस्ती खेळावी म्हणून घराची कागदपत्रं बँकेत नेऊन देणारा प्राचार्य दुसरा ऐकला नाही. पदक मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. स्वतंत्र भारताला तोवर एकाही वैयक्तिक खेळात ऑलिंपिक पदक मिळालेलं नव्हतं. खर्डेकरांनी बहुधा एवढंच पाहिलं असेल की पोरगं लायक आहे आणि निव्वळ पैशावाचून अडतंय. २३ जुलै १९५२ ला बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. कऱ्हाड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या. त्यानंतर या माणसानं काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. सरकारनं मात्र त्यांच्याकडे फार उशिरा पाहिलं. १९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या मागे, शतक संपताना मिळाला. पद्म पुरस्कार अजूनही नाही. हे लिहितानाही राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

त्याच हेलसिंकीत केशव मानगावे होते. तेही कोल्हापूरचेच पैलवान. फेदरवेट गटात ते चौथे आले. पदक आणि ते यांच्यात एका जागेचं अंतर. शहराच्या फलकावर खाशाबांचं नाव सत्तर वर्षं टिकलं, मानगाव्यांचं पुसलं गेलं. शाळेतल्या मुलांना मी जेव्हा जेव्हा खाशाबांची गोष्ट सांगते तेव्हा मानगाव्यांचं नाव मुद्दाम घेते. मुलं विचारतात, "चौथा आला म्हणजे हरलाच ना?" जगात चौथा आला म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला तास पुरत नाही.

असंच दुसरं नाव भाऊसाहेब निंबाळकरांचं. कोल्हापुरात जन्मलेले आणि कोल्हापुरातच वारलेले. डिसेंबर १९४८, पुण्याच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्राविरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम दहा धावांवर आला होता. मधे उपाहाराची वेळ झाली, आणि काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब संघ घेऊन निघून गेले. आपल्या संघाच्या नावावर असा विक्रम नको म्हणून त्यांनी सामनाच सोडून दिला. दोन षटकं तरी टाका अशी विनंती महाराष्ट्राच्या बाजूनं झाली, ती त्यांनी मानली नाही. आजही भारतात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कुणाही भारतीयानं एका डावात इतक्या धावा केलेल्या नाहीत, आणि या माणसाला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ११ डिसेंबर २०१२ ला, त्र्याण्णव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. दुसऱ्या दिवशी बातमी सगळीकडे आली. जिवंतपणी मात्र क्रिकेटवेड्या आपल्या राज्यातही त्यांचं नाव किती जणांना ठाऊक होतं? कुस्ती आणि फुटबॉल यांच्या मागे आमच्याकडे तालीम उभी असते. क्रिकेटपटूच्या मागे तालीम नव्हती, म्हणून शहरानंही निंबाळकरांना हवं तितकं उराशी धरलं नाही, असं माझं मत आहे.

पैलवानांची नावं घ्यायची तर पान पुरणार नाही. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे सीमेपलीकडच्या एकसंब्याहून इथे आले आणि शाहूपुरी तालमीचे झाले. गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतहून आले, १९६० ला हिंदकेसरी झाले आणि पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. दोघेही बाहेरचे. पण इथली माती अंगाला लावली की माणूस इथला होतो, त्याला कुणी दाखला मागत नाही.

राजकारणातही तेच. गोविंद पानसरे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यातल्या कोल्हारचे. शिकायला म्हणून कोल्हापुरात आले आणि बिंदू चौकातले झाले. हातात पैसा नसताना पडेल ते काम केलं, पुढे वकील झाले, आणि 'अण्णा' म्हणून शहरानं त्यांना ओळखलं. एन. डी. पाटील सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे, मंत्री होऊन गेलेले, तरी त्यांचं म्हातारपण आम्ही मोर्च्यात पाहिलं. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला तेव्हा ही दोन वयस्क माणसं उन्हात पुढे होती आणि मागे तालमी होत्या. कम्युनिस्ट, शेकाप, सेना, काँग्रेस सगळे एका रांगेत. पेठेपेठेच्या फलकावर 'देणार नाही, टोल देणार नाही' लिहिलेलं होतं. स्थानिक पेपरांनी ती बातमी रोज पहिल्या पानावर ठेवली. फलक, मोर्चा आणि छापखाना एका बाजूला आले की कोल्हापूर काय करू शकतं हे माझ्या पिढीनं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

२०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. पानसरे अण्णा तो दिवस पाहायला नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला अण्णा गेले. त्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या फलकावर फक्त त्यांचं नाव लिहिलेलं होतं. खाली ना मजकूर, ना मंडळाचं नाव. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला लोक सकाळी जमून चालायला लागले, निर्भय मॉर्निंग वॉक म्हणून. मीही जात असे. अण्णांच्या सगळ्या मतांशी सहमत नसलेली माणसं त्यात होती. अमुक विचाराचा म्हणून नाही, तर आपल्या चौकातला माणूस मारला म्हणून ती चालत होती.

मुलींबद्दल सांगितल्याशिवाय माझं हे लिहिणं अपुरं राहील. तालमीनं शहर घडवलं, पण त्यातलं निम्मं शहर दाराबाहेर ठेवलं. म्हणून २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, ते पद मिळवणारी पहिली भारतीय नेमबाज महिला ठरली, आणि आमच्या फलकावर पहिल्यांदा एका मुलीचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आलं, तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. पुढे राही सरनोबत आली. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण. तेही भारतीय नेमबाज महिलेचं पहिलं. या दोघी दुधाळीच्या रेंजमधून पुढे आल्या. नेमबाजीच्या रेंजला वस्तादांचा उंबरठा नव्हता. मला वाटतं, मुली तिथे पोचल्या याचं एक कारण हेच. आता कुस्तीतही रेश्मा मानेसारख्या मुली उतरल्या आहेत आणि जिल्ह्यात मुलींची कुस्ती केंद्रं आहेत. शहरातल्या जुन्या तालमींनी दार पूर्ण उघडायला अजून किती वर्षं लावायची?

२०२४ चा ऑगस्ट कुणी कोल्हापूरकर विसरणार नाही. १ तारखेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शहरात गुलाल उधळला. आणि बरोबर आठवड्यानं, ८ तारखेच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, खासबागेला लागूनच असलेलं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. पेठेतली माणसं रात्रभर रस्त्यावर उभी होती, मोठमोठे नट रडत होते. फलकावरचं 'अभिनंदन स्वप्नील' अजून पुसलेलंही नव्हतं, त्याच्याच खाली कुणीतरी नाट्यगृहाबद्दल दोन ओळी लिहिल्या.

आता बऱ्याच कोपऱ्यांवर काळ्या फलकाच्या जागी डिजिटल बोर्ड आले आहेत. वाढदिवस, नियुक्ती, भावी नगरसेवक, भावी आमदार. खडूचा फलक पेठ लिहायची, डिजिटल बोर्ड ज्याचा त्यानं पैसे देऊन लावलेला असतो. पेपरांतही वाढदिवसांच्या पानभर शुभेच्छा येतात. त्यामुळे माणूस मोठा कुणी ठरवायचा हे पेठेच्या हातातून चाललंय, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. फुटबॉलमध्येही पैसा आला, चांगले खेळाडू आले, कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला भारताच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषक संघात खेळला. ते चांगलंच. पण ग्रामीण भागातून पैलवान व्हायला आलेल्या पोराचा महिन्याचा खुराक आज एका शेतकरी घराला झेपत नाही. बदाम, दूध, तूप, मटण यांचे भाव काढले तरी पुरे. वर्गणी मागायला आता कुणी दारोदार फिरत नाही, कारण मोठे प्रायोजक मोठ्या नावांमागे असतात आणि लहान नावं कुणाला माहीतच नसतात.

मी आणि माझ्या शाळेतल्या काही सहकाऱ्यांनी गेल्या वर्षापासून एक लहान निधी सुरू केलाय. जिल्ह्यातल्या तीन मुलींच्या खुराकाचा खर्च त्यातून निघतो, दोन कुस्तीतल्या, एक नेमबाजीतली. दर महिन्याला कुणी किती दिले आणि कुठे खर्च झाले ते आम्ही शाळेच्या दारातल्या फलकावर खडूनं लिहितो. निधीला नाव काय द्यायचं यावर चर्चा झाली. खाशाबांचं नाव पुढे आलं, शाहू महाराजांचं आलं. शेवटी खर्डेकरांचं ठरलं, आणि जून महिन्यात चौथ्या मुलीसाठी वर्गणी गोळा करायला आम्ही राजारामपुरीत दारोदार फिरणार आहोत.